छातीशी धरलेला बोर्ड

"बिंदू मध्यावर आला की माणसाचं काम संपतं," असं गुणाजी गावडे एकदा चहा पिताना म्हणाले होते.

मरोळच्या गाळ्यात वॉकीटॉकी बनत. प्रत्येकाचा अँटेना सर्किटशी जुळवणं हे गुणाजींचं काम. मीटरच्या पडद्यावर स्मिथ चार्ट दिसतो: एक मोठं वर्तुळ, आत एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, आणि एक बिंदू. बिंदू मध्यावर असला की सर्किटची सगळी शक्ती अँटेनात जाते. तो जितका कडेला, तितकी ती परत येते. गुणाजी बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवून त्याला मध्यावर आणत. नजर अधू झाल्यापासून बोर्ड छातीशी धरत. त्यांच्या हातचा सेट परत येत नसे. घाटकोपरला घरीही हाच विषय. बायको नलिनी म्हणे, "त्या बिंदूशीच लगीन करूचा होता तुमी."

यंदा कारखान्याने टाकीतल्या पाण्याची पातळी बिनतारी कळवणारं यंत्र बाजारात आणलं. ते गच्चीवर एकटं राहतं. बोरिवलीच्या सोसायट्यांतून यंत्रं परत येऊ लागली. संदेश खाली पोचत नव्हते.

"पार्टच भंगार आलेत," मालक शिवदास शेठ म्हणाले.

"पार्ट ठीक आहेत, सर," नवी इंजिनियर समीक्षा म्हणाली. "काका बोर्ड अंगाशी धरून जुळवतात. मग अंगही जुळवणीत धरलं जातं. वॉकीटॉकी माणसाच्या हातात असतो, म्हणून चालून गेलं. गच्चीवर काका नसतात ना."

"मग काकांना पण गच्चीवर बसवू काय?" शेठ हसले.

गुणाजी हसले नाहीत. "बघूया गो. लाव मीटर."

त्यांनी नुकताच जुळवलेला बोर्ड समीक्षाने स्टँडला अडकवला. गुणाजी नेहमीसारखे पुढे वाकून बसले. बिंदू बरोबर मध्यावर होता.

"काका, जरा मागे."

ते उठले. बिंदू हलला.

"अजून."

ते मागे सरत गेले आणि बिंदू कमानीवरून कडेकडे गेला. गुणाजींची पाठ दाराला लागली. तिथून त्यांना पडदा नुसता उजळ दिसत होता.

"बिंदू खंय गेलो गो?"

समीक्षा आणि शेठ जागचे न हलता पडद्याकडे बघत होते.

"थांबला का?" शेठनी विचारलं.

"अजून किंचित हलतोय, सर. काका खोलीत आहेत."

गुणाजींनी चपला घातल्या आणि ते बाहेर पडले.