दुसरबीडच्या बाजारापर्यंत

डोणगावाहून निघालो तेव्हा गाडीच्या नाकावर झेंडूची माळ होती आणि माझ्या मांडीशी कणकेचा डबा. माझ्या धाकट्या भावानं, दिनकरनं, कोणाची तरी वापरलेली गाडी घेतली होती. आमच्याकडे गाडी आली की आधी देवीला दाखवायची, बाकी सगळं मागून. विमा संपलाय, हे विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं म्हणे. मला मात्र कोणी बोललं नव्हतं.

मेहकरला चहा आणि आलुबोंडा झाला. पुढचा रस्ता काय सांगू तुम्हाला! दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं, मधूनच तुरीची हिरवी ओळ. या वयात मी खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते. देवीपाशी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) करायचे, वांग्याची भाजी करायची, असे बेत चालले होते.

दुसरबीडला बाजार भरलेला. शेळी आडवी आली, दिनकरनं गाडी वळवली, आणि सायकल धरून उभ्या असलेल्या माणसाचा पाय चाकाखाली गेला. तो आवाज मी लिहीत नाही.

कैलास नाव त्याचं, गावातलाच शिंपी. लोकांनी त्याला आमच्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि जालन्याला न्यायला सांगितलं. तेवढ्यात त्याची बायको धावत आली. आता ही शिव्या देईल, देऊ दे, म्हणून मी खाली मान घालून बसले. तर ती माझ्याच बाकावर टेकली. तिनं माझा हात धरला.

"घाबरू नका मावशी. मुद्दाम कोण करते? गाडीचा विमा राह्यतेच ना. पाय बरा होईस्तोर त्याच्यावर निभेन आमचं. मशीन पायानंच चालवतेत ना हे."

मी दिनकरकडे पाहिलं.

"नाही काढला वहिनी," तो तिला म्हणाला. "देवीहून आल्यावर काढणार होतो."

तिनं हात ओढून घेतला नाही. तो माझ्या हातात तसाच राहिला, गार, जड.

"मंग मी कोणाले मागू?"

"मले मागा. मी देईन."

"तुमच्यापाशी असते तं विमा काऊन नाही काढला भाऊ?"

जालन्याला न्यायला रुग्णवाहिका आली, दिनकर त्यांच्यासोबत गेला. आमची गाडी पोलिसांनी ठाण्यात लावली. हवालदार म्हणाला, कोर्टात तारण भरल्याशिवाय सुटणार नाही, नाही भरलं तर लिलाव होईल. मी डबा घेऊन एसटीनं परत आले. त्या कणकेचं पुढं काय केलं, ते आठवत नाही.

जालन्याला कैलासचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भरपाईचा दावा कोर्टात आहे. वकील सांगतात, जो काही निकाल लागेल तो दिनकरच्याच शेतातून वसूल होईल, आणि निकालाला वर्षं लागतील. तोवर त्या घरात चूल कशावर पेटते, हे वकिलांना कोण विचारणार?

गाडीचा विमा म्हणजे गाडीवाल्याची कटकट, असंच मी जन्मभर समजत आले. तो रस्त्यात उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी असतो, हे त्या बाकावर कळलं. तेव्हा तो माणूस आत ओरडत होता.

त्याची बायको आता मशीनवर बसते, असं कानावर आलं. मी अजून भेटायला गेलेली नाही. जाऊन तिला काय सांगू?