आक्का आणि चाकाची कुलपं

आमची आक्का आधी मारायची आणि मग कारण सांगायची. पुष्कळदा कारण सांगायचं राहूनच जायचं. म्हशीनं लाथ झाडली की ती म्हशीला लाथ घालायची. दार फुगून चिकटलं की दाराला. पिकअप चालू झाली नाही तर बॉनेटवर असा दणका हाणायची की समोरच्या झाडावरचे पारवे उडून जायचे. आणि शप्पथ सांगते, गाडी चालू व्हायची.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. माकणीच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून आमचं रान. काळं, आणि ओलं झालं की माणूस गिळणारं. मी सोलापूरची. बारावी पास झालेली, उंच टाचांच्या चपला घालून या घरात आलेली, आणि आपल्याइतकं शहाणं या तालुक्यात कुणी नाही अशी पक्की खात्री असलेली. आता त्या पोरीची आठवण झाली की मलाच तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटते. सुदैवानं ते काम आक्कानं वेळच्या वेळी केलं होतं.

मी आले तेव्हा आक्का नवऱ्याचं घर सोडून माहेरी राहत होती. नवरा, म्हणजे दाजी, उमरग्याच्या पलीकडचा. त्यानं कमरेच्या पट्ट्यानं मारता मारता तिचा पुढचा दात पाडला. आक्कानं तोच पट्टा हिसकला, त्याला गोठ्यात घालून उभाआडवा सोलला, बाहेरून कडी लावली आणि एसटी धरली. पट्टा सोबत आणला. "तेवढंच मिळालं त्या घरातनं," म्हणायची आणि पडलेल्या दाताच्या फटीतून हसायची. दाजीचे निरोप येत राहायचे, की उचलून नेतो. निरोप आणणाऱ्याला आक्का चहा पाजायची आणि सांगायची, "ये म्हणावं. पर म्या त्या घरात पाय टाकणार न्हाय. तुकडं करून न्यावं लागंल."

आमची पिकअप सरकारी लिलावातली, चारी चाकांनी ओढणारी. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी लोखंडी चकती होती. चिखलात शिरायचं तर खाली उतरायचं, दोन्ही चकत्या हातानं फिरवून चाकांना कुलूप लावायचं, मग आत बसून छोटा दांडा ओढायचा. तेव्हा कुठं पुढची चाकं कामाला लागायची. या चकत्या झिजून गेल्या आणि आम्ही तिघं, आक्का, आमचे हे आणि मी, उमरग्याला हायवेवरच्या पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन जोड्या काढल्या. एक हातानं फिरवायची. दुसरी आपोआप लागणारी. नुसता दांडा ओढा, खाली उतरायचं नाव नाही.

मी लगेच पुढं झाले. "आक्का, हीच घेऊ. जग कुठं चाललंय, आपण अजून चिखलात उतरायचं का?"

"आपोआप लागतंय म्हणं," आक्का दुकानदाराला म्हणाली. "आन न्हाय लागलं तर?"

"लागतंय की आक्का. दोन-चार हात पुढं गेलं की लागतंय."

"म्हंजी रुतल्यावर बघायचं, लागलं का न्हाय ते? ह्यांचा दाजी बी आपोआप सुधरणार हुता. लगीन झालं की सुधरंल, पोरबाळ झालं की सुधरंल. पोट पाडलं त्यानं लाथ घालून. म्या ज्याला हातानं कुलूप लावते, तेवढंच लागलेलं असतंय."

मग आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "आसं करू. एका बाजूला हे बसवू, एका बाजूला ते."

आक्कानं त्यांच्या अशी कानाखाली काढली की दुकानदाराच्या हातातला पाना खाली पडला. बायको आणि बहीण दोघींचं मन राखायला निघालेला हा मिशीवाला माणूस गाल धरून उभा राहिला. हातानं फिरवायची जोडी बांधून घेऊन आम्ही परत आलो. मी वाटभर फुगून बसले होते.

गाडी चालवायला मला आक्कानंच शिकवलं. गिअर चुकला की मांडीवर रट्टा, क्लच विसरला की डोक्यात टपली. "मारू नका ना आक्का," म्हटलं तर म्हणायची, "मारते म्हणून तर ध्यानात ऱ्हातंय." ते खोटं होतं. मी घाबरून जास्तच चुकत होते. पण संध्याकाळी तीच माझ्या वळ उठलेल्या मांडीला खोबरेल लावायची आणि लावताना पुन्हा शिव्या द्यायची.

परतीचा पाऊस पडून गेला होता. दुपारी सोयाबीनची पोती भरून आम्ही दोघीच रानातून निघत होतो. मी स्टिअरिंगवर, आक्का मागं पोत्यांवर. तेवढ्यात बांधावरून ट्रॅक्टर आला. दाजी आणि त्याचे दोघं भाऊ, हातात काठ्या.

"कुलपं लाव गं!" आक्का ओरडली.

मी उतरले. माझ्या बाजूची चकती फिरवली. पलीकडच्या बाजूला गुडघाभर चिखल होता आणि माझ्या अंगावर नवी नायलॉनची साडी. मी मनाशी म्हटलं, चार चाकांत एकानं काय बिघडतंय? आत बसून दांडा ओढला, ऍक्सिलेटर दाबला. गाडी जागच्या जागी किंचाळली. एका बाजूचं कुलूप उघडं राहिलं की पुढची सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूनं वाया जाते, हे बारावीत कुणी शिकवलं नव्हतं. आक्कानं शिकवलं होतं. मी तेव्हा माझ्या टिकलीकडं आरशात बघत होते.

मागं काय चाललंय ते त्याच आरशात दिसलं. पहिला भाऊ चढला, त्याच्या जबड्यावर आक्कानं चाकपाना घातला. तो पोत्यांवर रक्त ओकत खाली गेला. दाजीनं तिचे केस धरले, तिनं त्याचा अंगठा दातांत धरला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. मग तिला नुसती मागचीच चाकं फिरताना दिसली, काय झालंय ते कळलं, आणि तिनं खाली उडी टाकली.

ती पळाली नाही. पुढच्या चाकाशी गेली, चिखलात बसली आणि त्यांच्याकडं पाठ करून चकती धरली. पाठीवर काठ्या पडत होत्या, गोणी झोडपल्यासारखा आवाज येत होता. एक काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचं मला आत ऐकू आलं. तिनं हात बदलला आणि राहिलेला वळसा दुसऱ्या हातानं दिला.

"सोड आता, शहाणे!"

ती पायरीला लोंबकळली आणि मी सोडली. चारी चाकांनी गाडी उसळली. दाजी आडवा आला. मी ब्रेक शोधला, पायाला ऍक्सिलेटर सापडला. त्यानं बाजूला उडी घेतली ती अर्धीच जमली. त्याचा पाय बंपरनं मोडला आणि तो बांधाकडेच्या पाण्याच्या चारीत जाऊन पडला.

उमरग्याच्या दवाखान्यात आक्काच्या हाताला प्लास्टर चढल्यावरही माझ्यातली शहाणी अजून जिवंत होती. मी म्हटलं, "आक्का, आपोआपची जोडी असती तर तुम्हाला उतरावं लागलं नसतं."

ओल्या प्लास्टरचा हात माझ्या डोक्यात बसला. कळवळली तीच. मग म्हणाली, "बसून ऱ्हायले आसते तर त्यो गावभर म्हणला आसता, भिऊन पळाली. म्या त्याच्याम्होरं पाठ करून बसले. हाणून हाणून किती हाणतो ते बघितलं त्यानं. आता येणार न्हाय."

खरंच आला नाही. आक्का होती तोवर.

बघता बघता माझेही केस पिकले. गेल्या पावसाळ्यात आक्का रानातच गेली, खुरप्याची मूठ हातात धरून. तिला अंगणात निजवलं आणि दाजी आला. लंगडत, पुतण्यांना घेऊन, काखेत हिरवं लुगडं. म्हणाला, "सवाष्ण हाय. कुंकू माझं हाय. अग्नी आमच्या गावात देणार." बांधलेली तिरडी उचलायला पुतणे वाकले. गावातली म्हातारी माणसं मान हलवत होती, रीत तशीच आहे म्हणून. आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "आसं करू. अग्नी हितं देऊ, राख त्यांना देऊ."

मी नवऱ्याला हातानं बाजूला सारलं. दाजीची काठी त्याच्याच हातातून ओढली आणि त्याच्या धडक्या पायावर घातली. तो बसला. पुतण्या पुढं आला, त्याच्या बोटांवर घातली. माझ्या सुना तोंडाला पदर लावून बघत होत्या. म्हातारी पिसाळली असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, "ती येत न्हाय म्हणाली हुती. ऐकू आलं नव्हतं का? आता म्या सांगते."

पुतण्यांनी त्याला उचलून ट्रॅक्टरमध्ये घातलं. आक्काला आम्ही आमच्याच रानात, पाण्याच्या कडेला अग्नी दिला. मीच दिला.

लुगडं तो अंगणातच टाकून गेला होता. चांगलं होतं, जाड सुती. दुसऱ्या सकाळी मी ते मधोमध टरकावलं आणि त्याच्या चिंध्या करून गॅरेजवाल्याला दिल्या. ग्रीस चांगलं पुसतंय म्हणतो.