फाटकवाले सर

कंपनी कितीही मोठी असो, आमचे सर आधी अर्धा तास फाटकावरच अडकत. आत साहेबांच्या टेबलावर चहा निवतोय, आम्ही वीस-बावीस जण इस्त्रीच्या कपड्यांत ताटकळतोय आणि सर मात्र चौकीदाराच्या स्टुलाशेजारी उकिडवे बसून आपल्या अस्सल वऱ्हाडी हिंदीत विचारतायत, "भैया, शिफ्ट छूटती तो लोगां कैसे निकलते? हसते-बोलते, या मुंडी नीचे करके?" चौकीदारही खुलायचे. वर्ध्यात सगळं कॉलेज त्यांना फाटकवाले सर म्हणायचं.

ते आम्हाला व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदविकेला शिकवत. दर हिवाळ्यात ते मुलांना पुण्या-मुंबईच्या मोठाल्या कंपन्या दाखवायला नेत. एरवी घड्याळाकडे बघून वर्ग सोडणारा हा माणूस सहलीचा विषय निघाला की जेवण विसरायचा. आमच्या वर्षाला मुली दोनच. माझे वडील समुद्रपूरकडचे शेतकरी. त्यांनी साफ नाही म्हटल्यावर सर एसटीने गावी आले, ओसरीत बसले आणि म्हणाले, "भाऊ, पोरगी कंपन्या पाहाले चालली, पळून नाई चालली. माही बायको संग हाय." वडील हसले आणि तिथेच गाडी पुढे सरकली.

सहलीत साहेब जे सांगतील ते वहीत उतरवायला सरांची सक्त मनाई होती. "ते सारं त्याहीच्या पुस्तिकेत छापलं हाय. साहेबानं जे नाई सांगतलं ते लिहा." संध्याकाळी धर्मशाळेच्या व्हरांड्यात प्रत्येकाने अशी एक तरी गोष्ट सांगायची. एकदा एक मुलगा म्हणाला, कामगारांच्या सूचनापेटीचं कुलूप गंजलेलं होतं. सर इतके खूश झाले की स्वतः जाऊन त्याच्यासाठी जिलबी घेऊन आले. मी तोवर वहीत यंत्रांची संख्याच लिहून आणलेली. मला जिलबी मिळाली नाही, हे मला अजून आठवतं.

मग मुंबईची कापडगिरणी आली. नाव सांगत नाही. तिथला अधिकारी कापसाच्या फोडलेल्या गाठींच्या ढिगापाशी उभा राहून ऐटीत सांगत होता की त्यांच्याकडे गाठ न् गाठ तपासून घेतली जाते, दमट कापूस फाटकातून आत येऊच शकत नाही. आता आमच्याकडे कापूस बघायचा म्हणजे वरवर बघतच नाहीत. गाडीवरचा असो की कोठीतला, त्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, ही आमची लहानपणापासूनची खोड. माझाही हात गेला आणि मागोमाग तोंडही सुटलं, "सर, आतून वला हाय हो!" ढीगभर माणसं होती तिथे. साहेबांचा चेहरा पडला. पुढचे विभाग न दाखवताच त्यांनी आमची बोळवण केली.

आम्ही परत आलो तर आमच्याआधी गिरणीचं तक्रारीचं पत्र पोचलेलं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, लेखी माफी, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. घरी एक स्थळ सांगून आलेलंच होतं. वर्ष गेलं असतं तर माझी पदविका तिथेच संपली असती. मी घाबरून पानभर माफी लिहिली आणि शेवटी हेही लिहिलं की कापूस कोरडाच होता, माझाच गैरसमज झाला.

सरांनी ते पान वाचलं. लाल पेन्सिलीने शेवटच्या दोन ओळी खोडल्या.

"न इचारता हात घातला, त्याची माफी माग. ते मागाच लागते. पण कापूस काऊन कोरडा केला वं?"

"सर, परीक्षा..."

"परीक्षेले तू बसशीन. वला होता तो वलाच राहू दे."

मी परीक्षेला बसले. कसं, ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या हिवाळ्यात फलकावर सहलीची सूचना लागली, तिच्याखाली दुसऱ्याच प्राध्यापकांचं नाव होतं. मी विचारलं तर सर म्हणाले, आता गुडघे दुखतात. तेव्हा ते रोज नालवाडीहून सायकलने कॉलेजला येत. गिरणीची समजूत घालण्यासाठी कुणाला तरी बाजूला करणं भाग होतं आणि सरांनी स्वतःचं नाव पुढे केलं, हे त्यांच्या बायकोकडून मला फार नंतर कळलं.

दहा-अकरा वर्षांनी, नागपूरच्या एका कारखान्यात मी खरेदी अधिकारी झाल्यावर पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. सर निवृत्त झाले होते, खंगले होते, पण आवाज तोच. पगार विचारला नाही, हाताखाली माणसं किती तेही नाही.

"साहेब चुकला तं तोंडावर सांगता येते का तुले तिथं?"

"येतं सर. तीनदा सांगितलं. दोनदा बोलणी खाल्ली."

"अन् तिसऱ्या डाव?"

"माल परत गेला."

सरांनी पेढा हातातच धरला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का वं? पोरगी खरंच मोठ्या कंपनीत हाय!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, माझ्यापायी तुमच्या सहली बंद झाल्या."

"बारा वर्सं पोट्टे नेले मी," सर म्हणाले. "कंपन्या पाहून तं सारेच आले. तपासून तू एकटी आली. आता कायले जाऊ पुन्हा?"

आणि तो पेढा त्यांनी मोडून अर्धा मला दिला.