वाजवणारा काप तेवढा

“हलगी राहू दे. वाजवणारा काप तेवढा.”

देवस्थानचे अध्यक्ष माझ्या खुर्चीमागं उभं राहून बोलले. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या वडिलांचा हलगी वाजवतानाचा फोटो होता. वडील, आमचे आण्णा, देवस्थानच्या ऑफिसच्या दाराशी चपलांजवळ उभे होते. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं.

आम्ही मातंग. टाकव्याच्या पुढं, आतल्या मावळात आमचं गाव. जत्रेत पालखीपुढं हलगी वाजवायची ती आमच्या घरानं. मी लोणावळ्यात वेबसाइट बनवायचं काम करते, बहुतेक बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या. देवस्थानला वेबसाइट हवी झाली तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावलं. आपल्याच गावची पोर आहे, म्हणाले. मी हुरळून गेले.

मजकूर, फोटो त्यांचे त्यांना टाकता येतील, बदलता येतील अशी व्यवस्था त्यांना हवी होती. तशी तयार मिळते, मी सांगितलंही. नको म्हणाले. पालखीला पहिला खांदा कुणाचा, दुसरा कुणाचा, हे गावात ठरलेलं. त्याच क्रमानं मानकऱ्यांनी ‘मंजूर’ दाबायचं, मगच पान लोकांना दिसायचं. तयार व्यवस्थेला मान कुठून कळणार? मी जीव ओतून ती बनवली. हलगी सगळ्यांच्या पुढं चालते, पण त्या क्रमात तिला जागा नव्हती. तेव्हा मला ते खुपलंही नाही.

हलगीचं पान मी सगळ्यात शेवटी केलं. आण्णांना म्हटलं, आता तुमचं तोंड जगाला दिसेल. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. वस्तीत सगळ्यांना सांगून आले होते.

“भाऊ, हलगी काय आपली आपण वाजती व्हय?” मी अध्यक्षांना विचारलं.

ते चिडले नाहीत. हसले. मानकऱ्यांच्या फोटोंच्या रांगेत हा फोटो बरा दिसत नाही, लोक नावं ठेवतील, असं समजावू लागले. लहान पोराला समजावतात तसं.

मी फोटो कापायची चौकट उघडली. होय, उघडली. सवय म्हणा, भीती म्हणा. चौकट हलगीभोवती ओढली. आण्णांचं तोंड गेलं. छाती गेली. हलगी धरलेला एक हात आणि काडी धरलेला दुसरा, एवढंच उरलं.

“हातबी दिसत्यात की,” अध्यक्ष म्हणाले.

मी दाराकडं पाहिलं. आण्णांनी आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले होते.

माझं काळीज फाटलं. माझा बाप, स्वतःचे हात लपवतोय. पोटच्या पोरीसमोर. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

“काप बाई,” आण्णा दारातूनच म्हणाले. “आपलं काय जातंय?”

मी चौकट बंद केली. फोटो पुन्हा पुरा झाला. मग हलगीचं अख्खं पानच पुसून टाकलं.

“मानूस न्हाई, तर हलगीबी न्हाई,” मी म्हणाले. लोणावळ्यात बोलते ती भाषा तोंडात आलीच नाही.

काम दुसऱ्याला गेलं. त्यानं कुठून तरी हलगीचा फोटो आणून लावला. खुंटीला टांगलेली हलगी. वस्तीतले लोक आण्णांना विचारतात, तुमी कुटं दिसता त्यात? ते म्हणतात, येईल की. यंदाही ते जत्रेत वाजवायला गेले. मी अडवलं, पाया पडले. देवाचं हाये, म्हणाले आणि निघाले. मी घरात बसून ऐकत राहिले. ऐकवेना.

अजून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांना वाटतं, होता नव्हता तो मान मी घालवला. हे दुःख मला मरेपर्यंत पुरेल. पण माणूस कापायचा आणि त्याचं काम तेवढं ठेवायचं, हे माझ्या हातून होणार नाही. देवस्थान असो, कंपनी असो. आण्णांनी हात जोडले तरी नाही.