बसायच्या जागेची जखम

आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाचं मला कळत नाही आणि अक्षर ओळीवर राहत नाही. हात ड्रेसिंगच्या चिमट्याला सरावलेला आहे, पेनाला नाही. समजून वाचावं.

मल्हारी आमच्या दवाखान्यात आला तेव्हा बाकावर जागा असूनही भिंतीला हात टेकून उभा होता.

"बसा की," मी म्हणाले.

"बसता आलं असतं तर आलो कशाला असतो, अक्का?"

त्याच्याबरोबर त्याचे वडील होते, मेंढरं राखणारे म्हातारबाबा. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. ते बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "वरीस झालं, पोरगं उभ्यानंच जेवतंय. लग्नाच्या पंगतीला नेता येत नाय."

शहरात शहागंजच्या अलीकडं आमच्या डॉक्टरसाहेबांचा ऑपरेशनचा छोटा दवाखाना होता. आता तिथं मोबाईलची दुकानं आहेत. मी तिथं आया होते. बायकांचं ड्रेसिंग माझ्याकडं आणि पुरुषांचं कंपाउंडर साळवेभाऊंकडं. मी पुरुष पेशंटशी फारसं बोलायचीही नाही, पाणी द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

मल्हारी गंगापूर लाइनला वडापची जीप चालवायचा. वाळूजकडं तेव्हा एकामागं एक कारखाने उभे राहत होते. जीपमध्ये जेवढी माणसं आत, तेवढी बाहेर लटकलेली. सीटचा स्पंज कधीच संपला होता. स्प्रिंगांवर पोतं टाकून तो दिवसभर आदळत जायचा, पण अलीकडं तेही जमत नव्हतं. एका कारखान्यानं त्याला स्टाफ बसवर ड्रायव्हर घ्यायचं कबूल केलं होतं. नोकरी कायम, पण अगोदर मेडिकल पास व्हायला पाहिजे. त्यासाठी बसता तर यायला हवं.

वर्षभर तो मूळव्याधीच्या पुड्या खात होता. दुखणं असल्या जागी, म्हणून कुणाला दाखवलंच नव्हतं. पुड्या देणाऱ्यानंही बघितलं नव्हतं.

साहेबांनी तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मूळव्याध नाही आणि भगंदरही नाही. याला पायलोनायडल सायनस म्हणतात. माकडहाडावर, बसायच्या जागेच्या फटीत, कातडीत केस घुसतात. वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. आत गाठ होते, तिच्यात पू होतो. फुटते, बरी वाटते, परत भरते. केस दाट आणि दिवसभर बसायचं काम, अशा तरण्या माणसांना जास्त होतं."

"स्वतःचाच केस?" मल्हारीला पटेना.

म्हातारबाबा मात्र लगेच म्हणाले, "कुसळावानी व्हय?"

साहेबांना कुसळ कळलं नाही. म्हातारबाबांनी सांगितलं, की रानात कुसळी गवत असतं. त्याचं टोक मेंढीच्या लोकरीत अडकतं. मेंढी चालली की ते पुढंच जातं, मागं येत नाही. लोकर पार करून कातडीत शिरतं आणि तिथं गळू होतं.

"अगदी तसंच," साहेब म्हणाले. पुढं आमच्याकडं असा पेशंट आला की साहेब मला म्हणायचे, "बाई, यांना कुसळाचं सांगा." मी पडद्याआडून सांगायची.

ऑपरेशन झालं. साहेबांनी गाठ पुरती कापून काढली. आत केसांचा पुंजका निघाला. तो बघून म्हातारबाबा म्हणाले, "याची तर वात वळंल." जखम उघडीच ठेवली होती. शुद्धीवर आल्यावर मल्हारीनं हात मागं नेऊन चाचपलं आणि घाबरून विचारलं, "साहेब, शिवायचं राहिलं का?"

"मुद्दाम ठेवलंय. ही जखम तळातून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी आधी मिटली तर आत पोकळी राहते आणि परत पू होतो. म्हणून रोज धुवायचं आणि आत गॉजची ओली पट्टी सैलसर भरायची. आजूबाजूचे केस काढत राहायचे."

हे ड्रेसिंग साळवेभाऊंचं काम. पण ते विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात गेले होते आणि त्यांना अटक झाली होती. ते दर वेळी रजेचा अर्ज देऊन जायचे. साहेब सही करून म्हणायचे, "साळवे, सुटलात की आधी आंघोळ करा, मग ऑपरेशन थिएटरमध्ये या." पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा साळवेभाऊंनी दवाखान्यात पेढे वाटले. पहिला मला दिला.

चार दिवस साहेबांनी स्वतः ड्रेसिंग केलं. मग सुट्टी द्यायची वेळ आली. गावात डॉक्टर नव्हता. साहेब म्हणाले, "बाई, त्याच्या वडिलांना शिकवा."

मल्हारी म्हणाला, "अक्का समोर असल्यावर मी पडदा काढू देणार नाय."

मलाही तेच हवं होतं. मी पडद्याकडं पाठ करून उभी राहिले आणि एकेक सांगत गेले. हात साबणानं धुवा. जुनी पट्टी ओली करून काढा, ओढू नका. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा. नवी पट्टी चिमट्यानं तळापर्यंत न्या, पण ठासू नका.

"आबा, हळू."

"मेंढरू गप उभं ऱ्हातं. तूच लई हलतोस."

"मेंढराला मिठाचं पाणी घालता का?"

"मेंढरू वरीसभर लपवून ठेवत नाय."

मी तोंडात पदर धरला. आत साहेब हसलेले मला ऐकू आले.

ते गावी गेले. तीन-एक आठवड्यांनी म्हातारबाबा पोराला दंडाला धरूनच घेऊन आले. मल्हारीला ताप होता आणि तो परत उभा होता. मेडिकलची तारीख जवळ आली, जखम मिटलेली दिसावी म्हणून त्यानं पट्टी भरू देणं बंद केलं होतं. वर हळदीचा लेप लावून घेतला होता. म्हातारबाबा पट्टीचं घरच्यांना शिकवून मेंढरं घेऊन लांब गेले होते, त्यांना कळलंच नाही. वरून कातडी छान मिटली होती. आत पू होता.

साहेब चिडले नाहीत. "मेडिकलला काय सांगणार होतास?"

"बरं झालंय म्हणून."

"आणि आठ तास बसवर बसल्यावर?"

तो पडद्यामागं जाऊन पालथा झोपला.

साहेबांनी दुसरं ऑपरेशन करून जखम परत उघडली. मेडिकलची तारीख गेली. मल्हारी खाटेवर पालथा पडून भिंतीकडं बघत राहिला, दोन दिवस धड जेवला नाही. तोवर साळवेभाऊ सुटून आले होते. ते त्याला म्हणाले, "आम्ही किती वर्षं वाट बघतोय ते बघ. तुला दोन महिने जड झाले?" त्या दिवशी तो जेवला.

या वेळी म्हातारबाबांनी मेंढरं भावाकडं सोपवली आणि स्वतः घरी राहिले. पट्टी रोज भरली. केस काढायचं कामही त्यांनीच केलं. लोकर कातरायचा हात तो. साहेब बघून म्हणाले, एवढं साफ आमच्याकडंही होत नाही. जखम तळातून भरत आली, दर आठवड्याला पट्टी लहान होत गेली. कारखान्याची दुसरी भरती निघाली तेव्हा मल्हारी साहेबांची चिठ्ठी घेऊन गेला आणि मेडिकलला पास झाला. बसला गादीची सीट होती, ते त्यानं मुद्दाम येऊन सांगितलं.

इतक्या वर्षांत मला एवढंच कळलं, की हे दुखणं अवघड नाही. कापणं डॉक्टरचं काम आहे, पण रोजची पट्टी आणि लाज सोडणं घरच्यांचं आहे. तिथंच बहुतेकांचं बिघडतं.

दोन ऑपरेशनांची निम्मी फी तेव्हा राहिली होती. मल्हारी पगार झाला की थोडी थोडी आणून द्यायचा. शेवटच्या खेपेला तो कंपनीच्या खाकी शर्टात आला. साहेब म्हणाले, "राहू दे आता." त्यानं नोटा टेबलावर ठेवल्या, बाहेर बाकावर येऊन बसला आणि माझ्याकडं पाणी मागितलं. त्या दिवशी त्याचे सगळे पैसे फिटले.