औषध लागू पडलं होतं, आज बाबा पुन्हा पडले

मित्रांनो, मन फार खचलंय, म्हणून लिहितेय.

कुरखेड्याला माझे बाबा असतात. जन्मभर धानाच्या शेतात राबलेला माणूस. त्यांना कंपवात आहे, त्यामुळे उभं राहिलं की बीपी एकदम खाली जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

नागपूरच्या डॉक्टरांनी एक औषध दिलं. ते एक अमिनो ॲसिडच आहे, शरीरात गेल्यावर त्यापासून बीपी वाढवणारं द्रव्य बनतं, असं त्यांनी समजावलं. खरंच गुण आला. बाबा रोज सकाळी बुद्धवंदनेला उभे राहू लागले.

आज वंदना सुरू असतानाच ते माझ्यासमोर कोसळले. कपाळ फुटलं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "काहींच्या बाबतीत याचा गुण टिकत नाही. डोस आणखी वाढवता येणार नाही."

बाबांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "काऊन रडून राह्यली? मले झोपूनच वंदना म्हणू दे. आता उभं राहाची आस नको लावू."

मी "हो बाबा" म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी आपल्या माणसाला असं "हो" म्हटलंय का? त्यानंतर त्याच्यासमोर कसं बसायचं?