हौसाक्कांच्या पाठीतलं लाल पाणी

हौसाक्कांना मी पुढून धरलं होतं आणि डॉक्टर पाठीत सुई घालून पाणी काढत होते. ह्याला वॉर्डात टॅपिंग म्हणतात. फुप्फुसाभोवती पाणी साठलं की दम लागतो, म्हणून ते काढायचं. पेशंटनं हलायचं नाही, खोकायचं नाही. आयाचं काम फक्त धरायचं. मी बोलायला भित्री, त्यामुळं धरायला बरी.

पाणी पुन्हा लाल आलं. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी पाच महिने टीबीच्या गोळ्या चालू होत्या. गारगोटीला घरी हौसाक्कांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. नातूही पाचच महिन्यांचा. सून त्याला उंबऱ्यातूनच दाखवायची.

दुपारी वेणी घालताना त्या मालकांचं सांगू लागल्या. ते कारखान्यात बॉयलरच्या पाइपांना पांढरा लेप थापायचे. घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. "कापडं आधी दारात झटकायची, मग भिजवायची. न्हायतर बादलीत नुस्ता लगदा," त्या म्हणाल्या. वीस वर्षं झटकली. मालक अजून ठणठणीत, सायकल मारतात.

माझा हात वेणीतच थांबला. मागं असाच लेपवाला एक पेशंट आमच्याकडं होता. त्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत बसते आणि तीस-चाळीस वर्षांनी उठते, असं वॉर्डाचे मोठे डॉक्टर, आमचे सर, तेव्हा शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते. मी तिथंच फरशी पुसत होते.

सरांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी केसपेपर उघडला. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, काही नाही.

"मावशी, ह्या बाईनं आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तिचं काम विचारलं, सर. मालकांचं न्हाय."

मग छातीतला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला मेसोथेलिओमा. हे नाव मला आठ दिवस पाठ करावं लागलं. फुप्फुसावर पातळ पडदा असतो, त्याचा हा कॅन्सर. सरांनी लपवलं नाही. बरा होणार नाही. पाणी काढू, दुखणं कमी करू, एवढंच म्हणाले.

हौसाक्कांनी सगळं ऐकून एकच विचारलं. "दुसऱ्याला लागतो व्हय?"

"नाही."

"मग पोराला आणा की."

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी नातू आला आणि त्यानं लगेच आजीचं लुगडं भिजवलं. ते ओलं लुगडं त्यांनी बारा खाटांना दाखवलं. पुढं त्या दहा महिने जगल्या. दर वेळी पाणी काढायला यायच्या ते पोराला काखेला मारूनच. शेवटी उचलवेना, तेव्हा सून त्याला त्यांच्या शेजारी झोपवायची.

त्यानंतर सर प्रत्येक बाईला विचारू लागले, मालक कुठं कामाला, आणि त्यांचे कपडे कोण धुतं. वडगावची एक म्हातारी फणकारली, "कोण धुणार? मालक धुत्यात व्हय?" सरांनी मान खाली घालून लिहून घेतलं. बाई घरी असते म्हणजे काही करत नाही, असं निदान डॉक्टरांनी तरी करू नये.